‘मागेल त्याला काम’: कायदा, धोरण आणि कारभार यांची एक जुनी गाठ

कायदा, सार्वजनिक धोरण आणि राज्यकारभार हे तीन विषय आपल्याकडे वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात. विधी महाविद्यालयात कलमे, अर्थशास्त्रात योजना आणि लोकप्रशासनात खात्यांची रचना. हे तिन्ही एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे समजून घ्यायला महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

दुष्काळात सरकारने कामे काढायची, ही रीत इंग्रजी अमदानीतली. 1880च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचे याच्या नियमावल्या, आल्या आणि खडी फोडणे, रस्ते, तलाव अशी कामे ठरून गेली. पण दुष्काळ आहे की नाही, हे सरकार ठरवणार. सरकारने जाहीर केले तर काम, नाहीतर नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 41व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आला, तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. 37वा अनुच्छेद सांगतो की ही तत्त्वे राज्यकारभारात मूलभूत आहेत, मात्र न्यायालयातून ती बजावून घेता येणार नाहीत.

या जागी वि. स. पागे यांचे काम उभे राहते. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गांधीवादी माणसाने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आधी प्रयोग करून पाहिला आणि मग मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारपुढे कल्पना मांडली. 1972 साली योजना सुरू झाली, पण त्याच वर्षी दुष्काळाने राज्याला ग्रासले. कामावर वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी यांच्या आठवणी आजही जुनी माणसे सांगतात. 1973च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हमी योजनेला खरी गती आली ती दुष्काळ ओसरल्यावर, 1974पासून.

इथपर्यंत सगळे शासन निर्णयावर चालले होते, आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने रद्द होतो. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 विधिमंडळाने एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 रोजी तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला अंगमेहनतीचे काम मिळण्याचा आणि आठवड्याने, फार तर पंधरवड्याने मजुरी मिळण्याचा हक्क त्याने दिला. मागणीनंतर 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता, रोज किमान 1 रुपया. काम कधी सुरू व्हावे हे ठरवण्याचा अधिकार, कागदावर का होईना, मजुराच्या हातात आला. घटनेने न्यायालयाबाहेर ठेवलेली गोष्ट एका राज्याने साध्या कायद्याने हक्क केली. मला याचे आजही अप्रूप वाटते.

पैशाची सोयही कायद्यानेच केली. 1975चा व्यवसाय कर याच योजनेसाठी आला. नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपयांची कपात दिसते ना, तिचे मूळ इथे आहे. अशा करांतून जेवढे जमेल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या पगारदाराचा पैसा खेड्यातल्या नालाबंडिंगवर आणि पाझर तलावावर पोचवणारे हे धोरण होते.

राहिला कारभार. आखणी आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत्यक्ष काम पाटबंधारे, बांधकाम, वन, कृषी अशा खात्यांकडे. कामे काढायला सांगणारा एक, मोजमाप घेणारा दुसरा आणि मजुरी हजेरीपत्रकावर. खोटी हजेरी आणि लांबलेली मजुरी यांच्या तक्रारी या सांध्यातूनच आल्या. त्याहून बारीक गोष्ट पोचपावतीची. मजुराने नमुना 4 भरून काम मागायचे आणि तारखेची पावती घ्यायची. 15 दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. पावतीच दिली नाही तर मागणी झालीच नाही असे ठरते, मग ना काम, ना भत्ता. कायद्यातला अख्खा हक्क कागदाच्या या एका चिठोऱ्यावर तोललेला असतो. कायदा वाचणारा माणूस हा चिठोरा पाहत नाही, धोरणाचे आकडे तपासणाऱ्यालाही तो दिसत नाही, कारण न नोंदलेली मागणी आकड्यांत येतच नाही.

2005 साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी मिळाली, सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची आणि खर्चाची गावकऱ्यांसमोर तपासणी, आले. महाराष्ट्राने 2006मध्ये आपला कायदा त्याला जुळवून घेतला आणि 100 दिवसांपुढच्या कामाचा भार स्वतः उचलला. या केंद्रीय कायद्यात खर्चाची वाटणी अशी होती: अकुशल मजुरी केंद्राची, बेरोजगार भत्ता राज्याचा. म्हणजे वेळेत दिलेल्या प्रत्येक पावतीमागे, काम निघाले नाही तर, राज्याच्याच तिजोरीवर बोजा. तालुक्याच्या कचेरीत तो अर्ज टेबलावर का पडून राहायचा, हे शोधायला सुरुवात या एका कलमापासून करावी लागते.