छातीवरची पट्टी आणि लोकलमधली जाहिरात

"पोटात कुठे काही जातंय, नुसती पट्टी तर आहे!" अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या, रुग्णाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. नायट्रोग्लिसरीनची पट्टी छातीवर किंवा दंडावर लावली की औषध कातडीतून थेट रक्तात उतरतं. आणि एकदा रक्तात उतरलं की तिथल्या बाकीच्या औषधांशी त्याची गाठ पडणारच.

रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींत त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. (हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं.) तो ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमला चालना देतो, ते सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवतं, त्याने पेशीतलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि स्नायू सैलावतो. शिरा रुंदावतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्याचा भार उतरतो. काम झालं की पीडीई-५ हे दुसरं एन्झाइम सायक्लिक जीएमपी मोडून टाकतं. किती सुरेख योजना आहे ही!

सिल्डेनाफिल (व्हायग्रा या नावाने ओळखलं जाणारं, लैंगिक ताठरतेसाठीचं औषध) नेमकं पीडीई-५लाच अडवतं. म्हणजे पाण्याचा नळ सोडलेला आणि मोरीचं तोंड बुजवलेलं. रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जातो. त्याच जातीच्या टाडालाफिलचा असर तर दोन दिवस रेंगाळतो.

आता लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'मर्दानी ताकद'वाल्या जाहिराती आठवा. जडीबुटीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत छुपं सिल्डेनाफिल तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेख नसतो. हृदयरुग्णाला अशी गोळी विकणं हा माझ्या मते गुन्हाच आहे. लाज बाजूला ठेवा, डॉक्टरांना सांगा.

दारूनेही रक्तदाब आणखी उतरतो, उठताना भोवळ येते. महाधमनीची झडप अरुंद असेल, तीव्र रक्तक्षय असेल किंवा कवटीतला दाब वाढलेला असेल, तर तेही पट्टी सुरू करण्याआधी सांगायला हवं. पट्टीवर शेक घेऊ नये, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. मुंबईच्या घामात कड सुटते, म्हणून कोरड्या, केस नसलेल्या जागी लावावी आणि रोज जागा बदलावी.

नायट्रोग्लिसरीनपासूनच बनणाऱ्या डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं, मग आठवडाभर बरं असायचं. शरीर नायट्रोग्लिसरीनला सरावायचं आणि सुट्टीत तो सराव मोडायचा. पट्टीचंही तेच. सतत ठेवली तर गुण येईनासा होतो, म्हणून साधारण १२ ते १४ तासांनी ती काढतात. काढलेल्या पट्टीत औषध उरलेलं असतं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. आणि छातीत अचानक कळ आली तर पट्टी कामाची नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळीच घ्यायची.