चाळिशीनंतर वाचायला शिकता येत नाही? साफ चूक

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका म्हणतात, ‘आता या वयात अक्षर डोक्यात शिरायचं नाही.’ हे खरं नाही. ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या लोकांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरं ओळखणारा भाग तयार होतो, असं त्यात दिसलं. वेळ जास्त लागतो, सराव लागतो, एवढंच. सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रमही 15 वर्षांपुढच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. त्याचं ॲप मोबाईलवर मिळतं.

इंग्रजीसाठी आधी व्याकरण पाठ हवं, हाही गैरसमजच. ‘स्टोरीवीव्हर’ या गोष्टींच्या वेबसाइटवर पहिल्या पातळीच्या गोष्टी फुकट आहेत. सोपे शब्द, तेच तेच पुन्हा येणारे, सोबत चित्र. अनेक गोष्टी मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीत मिळतात, म्हणजे आपल्या शहरासाठी अगदी सोयीचं. आधी आपल्या भाषेत वाचा, अर्थ कळला की तीच गोष्ट इंग्रजीत उघडा.

गोष्टी लहान मुलांच्या आहेत म्हणून काहींना लाज वाटते. त्यांनी बँकेच्या पासबुकापासून सुरुवात करावी: आपलं नाव, तारीख, शिल्लक. रोज पंधरा मिनिटं, मोठ्याने, शब्दाखाली बोट ठेवून.