जॉर्ज हॅलस

जॉर्ज स्टॅनली हॅलस (२ फेब्रुवारी १८९५ – ३१ ऑक्टोबर १९८३) हे अमेरिकन फुटबॉलमधले खेळाडू, कोच आणि शिकागो बेअर्स या टीमचे मालक. शिकागोतच जन्मले, आईवडील बोहेमियातून आलेले. १९१९ ला न्यूयॉर्क यँकीजकडून बेसबॉलच्या १२ मॅचेस खेळले. त्यांच्या जागी बेसबॉलचा प्रसिद्ध खेळाडू बेब रूथ आला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण मधे सॅमी विक खेळला, त्यामुळे ती गोष्ट धरू नये.

१९२० ला डिकेटरच्या स्टेली स्टार्च कंपनीने टीम बांधायला त्यांना घेतलं, आणि १७ सप्टेंबरला कँटनला एका कारच्या शोरूममधे जी मीटिंग झाली तिथेही ते होते, त्यातूनच पुढे एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, झाली. १९२१ ला स्टेलींनी टीम त्यांच्या हवाली केली, वर ५,००० डॉलर दिले, अट एवढीच की एक सीझन स्टेलीज हेच नाव ठेवायचं. १९२२ पासून बेअर्स.

१९२१ च्या लीगच्या टायटलवर अजून वाद आहे. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरमधला अमेरिकन सण) बफेलोच्या टीमने स्टेलीजना ७-६ हरवलं होतं, मग ४ डिसेंबरला परत मॅच ठरली, बफेलोवाल्यांच्या मते ती नुसती प्रदर्शनी, आणि ते आदल्याच दिवशी अ‍ॅक्रनशी खेळून रात्रभर ट्रेनने आले होते. स्टेलीज १०-७ ने जिंकले. तेव्हा बरोबरीच्या मॅचेस धरत नसत म्हणून दोघांचे ९ विजय १ हार, हॅलस म्हणाले दुसरी मॅच महत्त्वाची आणि एकूण पॉइंट्स १६-१४, आणि लीगने ते मान्य केलं. निर्णय अधिकृत आहे खरा, पण बफेलोची तक्रार जास्त पटते.

कोच म्हणून ४० सीझन, ६ टायटल्स. विजय कुठे ३१८ तर कुठे ३२४ दिसतात, फरक प्लेऑफचा, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीच्या मॅचेसचा. हा रेकॉर्ड १९९३ ला कोच डॉन शूलांनी मोडला. टी फॉर्मेशन (खेळाडूंची T आकारातली मांडणी) हॅलसनी शोधलं म्हणतात ते बरोबर नाही, ती रचना जुनीच, तिला नवं रूप देण्यात राल्फ जोन्स आणि क्लार्क शॉनेसी या कोचांचा हात मोठा; १९४० च्या फायनलला वॉशिंग्टनविरुद्ध ७३-० झालं ते याच्याच जोरावर.

१९३४ ते १९४५ लीगमधे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसं काही ठरलेलं नव्हतं असं हॅलस सांगत, पण लीगमधले सुरुवातीचे कृष्णवर्णीय खेळाडू फ्रिट्झ पोलार्ड हॅलसनाही जबाबदार धरत. बेअर्सनेही त्या काळात कोणाला घेतलं नाही.

१९६३ ला व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या (दिग्गजांच्या सन्मान-यादीच्या) पहिल्याच यादीत नाव.