प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची निवासव्यवस्था (महाराष्ट्र)

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची शाळेचे वय उलटल्यावरची, विशेषतः आईवडिलांच्या पश्चात राहण्याची आणि देखभालीची सोय. स्वीडनने १९९७ मध्ये कायदा करून १९९९ अखेरपर्यंत अशा व्यक्तींच्या आपल्या मोठ्या निवासी संस्था मोडीत काढल्या. महाराष्ट्रात मोडीत काढण्याइतक्या संस्था कधी उभ्याच राहिल्या नाहीत. बहुतेक जण घरीच असतात. त्यामुळे पालकांच्या बैठकीत हमखास निघणारा प्रश्न वेगळाच असतो : ‘आमच्यानंतर याचं कोण करणार?’

सोयींचा भर पहिल्यापासून लहान मुलांवर राहिला. मुंबईत होरमसजी व दीना वकील यांनी आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा ही या कामाची जुनी खूण. पुढे शाळांना कार्यशाळा जोडल्या गेल्या. पणत्या रंगवणे, राख्या, उटण्याची पाकिटे, कागदी पिशव्या ही तिथली नेहमीची कामे. पण कार्यशाळा संध्याकाळी सुटते, आणि सत्तरीतली आई चाळिशीतल्या मुलाला घरी घेऊन जाते.

ज्यांना घरच नाही त्यांची मुदत बालगृहात अठराव्या वर्षी संपते. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे आडनाव देणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी या अटीविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. अशा मुलांचे पुनर्वसन आजीवन हवे, ही त्यांची मागणी.

संस्थेतले जगणे किती परस्वाधीन असू शकते हे १९९४ मध्ये दिसले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे करण्यात आले. स्त्री संघटनांनी विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. सोय नेमकी कोणाची पाहिली गेली, हे वेगळे सांगायला नको.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकांच्या हाती काही ठोस दिले. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान ठरते आणि बँकेत किंवा वारसाच्या कामात आईवडिलांची सही चालेनाशी होते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक (गार्डियन) नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. ‘समर्थ’ योजना अल्पकाळच्या निवासासाठी, तर ‘घरौंदा’ प्रौढांच्या समूहनिवासासाठी होती; पुढे दोन्ही एकत्र करण्यात आल्या.

काही पालकांनी सरकारची वाट न पाहता एकत्र येऊन स्वतःच जागा उभी केली. बदलापूरजवळची ‘आधार’ संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र ही वाट वर्गणी आणि मासिक खर्च झेपणाऱ्यांनाच खुली राहते. खेड्यातला भार बहुधा भाऊ-वहिनीवर येतो, आणि घराची वाटणी झाली की तोही डळमळतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार कोणाही दिव्यांगावर विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती करता येत नाही. पालकत्वही मर्यादित, म्हणजे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्यापुरते. न्यास कायद्यातील पालकाला मात्र व्यक्ती आणि मालमत्ता या दोन्हींची जबाबदारी मिळू शकते. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत.