शस्त्रक्रियोत्तर अंतर्गळ आणि पोटाच्या स्नायूंची ताकद

पोटावर घेतलेल्या छेदाच्या जागी स्नायूंची भिंत आतून उसवून चरबी किंवा आतडे त्वचेखाली येते, त्या विकाराला शस्त्रक्रियोत्तर अंतर्गळ किंवा बोलीत टाक्यांच्या जागेचा हर्निया म्हणतात. मध्यरेषेवर उभा छेद घेतलेल्या रुग्णांपैकी साधारण १० ते २० टक्के जणांना तो होतो. जखमेतील जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, धूम्रपान आणि जुनाट खोकला यांमुळे त्याचा धोका वाढतो.

फुगवटा दिसतो म्हणून चर्चा त्याचीच होते. प्रत्यक्षात मोठ्या अंतर्गळात स्नायूंचे होणारे नुकसान अधिक त्रासदायक ठरते. पोटाच्या दोन्ही कुशींतून येणारे तीन थरांचे सपाट स्नायू आणि पुढचे दोन सरळ स्नायू बेंबीच्या रेषेतील तंतुमय पट्टीत, म्हणजे श्वेतरेषेत, एकमेकांशी बांधलेले असतात. ही पट्टी फाटली की बाजूच्या स्नायूंना ओढ धरायला जागाच उरत नाही. ते कुशीकडे सरकतात, आखूड होतात आणि वापराअभावी रोडावतात. उंदरांवरील प्रयोगांत अशा स्नायूंमध्ये तंतुमय ऊतक वाढल्याचेही आढळले आहे. उताण्या झोपलेल्या रुग्णाला उशीवरून फक्त मान उचलायला सांगितली, की सरळ स्नायू दोन बाजूंना फाकलेले आणि मधून पोट वर आलेले स्पष्ट दिसते. असा रुग्ण अंथरुणातून सरळ उठत नाही. कुशीवर वळतो, कोपर टेकतो, मग बसतो. खोकताना हात आपोआप पोटावर जातो. धड पुढे वाकवण्याची ताकद घटते, शौचाच्या वेळी जोर लागत नाही आणि कंबरदुखीची तक्रारही पुष्कळदा असते.

पोटाचा पट्टा आधार देतो, पण भोक बुजवत नाही. व्यायामानेही ते बुजत नाही. भोकावर नुसती जाळी ताणून बसवली तर फुगवटा जातो, मात्र स्नायूंना त्यांची मधली पकड परत मिळत नाही. म्हणून शक्य असेल तेथे सरळ स्नायू पुन्हा मध्यरेषेत आणून त्यांच्यामागे जाळी ठेवतात. रुंद भोकासाठी बाजूचे थर सुटे करण्याची पद्धत रामिरेझ व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. मध्यरेषा अशी जुळवल्यावर धड वाकवण्याची ताकद वाढल्याचे मोजमापांत दिसले आहे.

पहिल्याच शस्त्रक्रियेत टाके कसे घातले, यावरही बरेच अवलंबून असते. नेदरलँड्समधील २०१५ च्या चाचणीत पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घातलेल्यांपैकी १३ टक्के, तर एक-एक सेंटिमीटरवर मोठे टाके घातलेल्यांपैकी २१ टक्के रुग्णांना वर्षभरात अंतर्गळ झाला.