हेडर गार्ड लावला तरी ‘मल्टिपल डेफिनिशन’ का येतं?

इंदूरला भंवरकुआच्या क्लासांत सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी आपली मराठी मुलं एक गोष्ट ठाम धरून असतात: हेडर फाइलला (अनेक सी फाइली आत घेतात ती सामाईक फाइल) इफएनडेफचा गार्ड (‘हे नाव आधी डिफाइन झालेलं नसेल तरच आत जा’ ही अट) लावला की ‘मल्टिपल डेफिनिशन’ची, म्हणजे एकाच नावाच्या अनेक व्याख्यांची, एरर येत नाही. हे चूक आहे, आणि त्यापायी मुलं रात्र-रात्र नको तिथे शोधत बसतात.

गार्ड एवढंच पाहतो की एका सी फाइलच्या कंपाइलमध्ये तोच हेडर दोनदा शिरू नये. पुढची फाइल सुरू झाली की मागचे डिफाइन पुसलेले असतात, पाटी कोरी. समजा हेडरमध्ये ‘इंट टोटल = 0;’ आहे आणि मेन.सी, बिल.सी दोन्ही तो घेतात. कंपाइल होऊन बनलेल्या दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींत टोटल तयार होतो. कंपाइलर चकार शब्द काढत नाही, ओरडतो तो लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून एक प्रोग्राम बनवणारा. हेडरमध्ये फक्त ‘एक्स्टर्न इंट टोटल;’ (टोटल दुसरीकडे आहे एवढंच सांगणारी ओळ) ठेवा, व्याख्या एकाच सी फाइलीत.

मग हा समज टिकला कसा? नुसतं ‘इंट टोटल;’ लिहिलं, तर जुना जीसीसी हा कंपाइलर सी-मधल्या अशा प्रती गुपचूप एक करायचा. 2020 साली आलेल्या जीसीसी 10 पासून ते आपोआप होत नाही, म्हणून जुने प्रोजेक्ट अचानक अडतात.

गार्डचा खरा धोका वेगळाच. हेडर कॉपी करताना गार्डचं नाव बदलायचं राहिलं, तर दुसरा हेडर पूर्ण गायब होतो आणि ‘अननोन टाइप नेम’ भलत्याच फाइलीत दिसतं. अशा वेळी जीसीसीला मायनस कॅपिटल ई देऊन प्रीप्रोसेसरचं (कंपाइलच्या आधी हेडर फाइलीत उतरवणारा टप्पा) आउटपुट वाचा. तुमचा स्ट्रक्ट (तुम्ही हेडरमध्ये बनवलेला टाइप) त्यात नसेल, तर दोन्ही हेडरांची पहिली ओळ शेजारी-शेजारी ठेवून बघा.