चौकात पायी माणसाची पाळी कधी येते?

कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल असो की हिरवा, बसस्थानकातून बॅगा घेऊन बाहेर पडलेली माणसं हात वर करून गाड्यांमध्ये घुसतात. यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं: लोकांना शिस्त नाही. गाडीवाल्यांच्या शिस्तीबद्दल एकदा सवडीने बोलू, पण पायी माणसाच्या बाबतीत हे उत्तर फार आळशी आहे. आपल्याकडे जे सिग्नल सर्रास दिसतात त्यांचं वेळापत्रक कागदावर मांडून बघितलं, तर सगळा रस्ता एका दमात सुरक्षित ओलांडता येईल असा एकही सेकंद त्यात सापडत नाही. मग माणसाने शिस्त पाळायची ती कुठल्या सेकंदाला?

कागदावर मांडूच. चार रस्त्यांचा चौक घ्या. एकेका रस्त्याला आळीपाळीने हिरवा दिवा मिळतो. उत्तरेकडचा रस्ता सुटला की तिथली वाहनं सरळ दक्षिणेला, डावीकडे पूर्वेला आणि उजवीकडे पश्चिमेला जातात. म्हणजे उरलेल्या तिन्ही रस्त्यांवर, चौकातून बाहेर पडणाऱ्या बाजूला, वाहनं येतच असतात. पाळी पूर्वेची आली तरी तेच. तुम्ही कुठल्याही रस्त्याच्या कडेला उभे राहा: अर्धा रस्ता लाल दिव्यामुळे थांबलेला असेल, तर उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या कुणाची तरी वाहनं वळून येत असतील. आणि तुमच्याच रस्त्याला हिरवा मिळाला, तर चौकात शिरणारी बाजू वाहू लागते. पाळ्या चारच, आणि चारही वाहनांच्या.

पण याच कागदावर एक गंमत दिसते. उत्तरेकडच्या रस्त्याला हिरवा असतो तेव्हा त्याची चौकातून बाहेर पडणारी बाजू पूर्ण मोकळी असते, कारण बाकी तिघे थांबलेले असतात. उरलेल्या तीन पाळ्यांत चौकात शिरणारी बाजू मोकळी असते. दोन्ही अर्ध्यांना हक्काची वेळ आहे, फक्त ती एकाच वेळी येत नाही. तेव्हा रस्त्याच्या मधोमध दुभाजकाशी दोनेक मीटर रुंदीची, कठडा असलेली थांबायची जागा द्या आणि पायी माणसाचा दिवा दोन टप्प्यांत चालवा. वाहनांचा एकही सेकंद कमी न करता रस्ता ओलांडता येतो. झेब्रा पट्टे ज्या दुभाजकावर जाऊन आपटतात तिथे तो कापून सपाट करणं, एवढं हे काम आहे. त्यावर कुंड्या ठेवायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको खरं तर.

या सगळ्यावर पाणी फिरवतं ते डावीकडचं खुलं वळण. शेजारच्या रस्त्यावरून डावीकडे वळणारी गाडी दिव्याला बांधील नसेल, तर वर सांगितलेली मोकळी वेळ मोकळी राहतच नाही. गाडीवाल्याचं लक्षही तेव्हा उजवीकडून येणाऱ्या वाहनांवर असतं, डावीकडे फुटपाथवरून उतरणाऱ्या माणसावर नसतं. खुल्या वळणाने वाहनांचे थोडे सेकंद वाचतात हे मान्य, पण ते कुणाच्या खिशातून, हेही बघायला हवं.

वळणाच्या कोपऱ्याचं गणितही पाहण्यासारखं आहे. वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिच्या वेगाला मर्यादा येते आणि ही मर्यादा वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळावर ठरते. त्रिज्या १५ मीटर असेल तर मोटार ताशी साधारण २४ किलोमीटर वेगाने वळू शकते, ५ मीटर असेल तर १४ किलोमीटरच्या आसपास. आता धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वर्गमूळ आणि वर्ग एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरळ हिशोब हाती येतो: त्रिज्या तिसऱ्या हिश्श्यावर आणली की धडकेची ऊर्जाही तिसऱ्या हिश्श्यावर येते. चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला, तर पहिल्या गाडीला थांबायला दहा मीटर लागतात, दुसरीला पाच. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस एवढ्या तीव्र कोपऱ्यावरून कशी वळणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी कोपऱ्याला जरा उंच, खडबडीत पट्टा करतात. बसची मागची चाकं त्यावरून जातात, मोटारीवाला मात्र तो टाळून सावकाश वळतो. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मेले, सरकारचाच आकडा आहे. कोपऱ्याची त्रिज्या म्हणजे नुसती आराखड्यातली रेघ नव्हे.

आता थांबण्याचा हिशोब. समजा सिग्नलचं पूर्ण चक्र, म्हणजे सगळ्या पाळ्या एकदा होऊन जायला लागणारा वेळ, १२० सेकंदांचं आहे आणि त्यातले २० सेकंद पायी माणसाला निघता येतं. उरलेल्या १०० सेकंदांत जो येईल तो सरासरी ५० सेकंद थांबणार. असं सहापैकी पाच जणांच्या वाट्याला येतं, म्हणून सगळ्यांची सरासरी निघते ४२ सेकंद. आता चक्र अर्ध्यावर आणा, ६० सेकंदांत १० सेकंद द्या. पायी माणसाचा वाटा तेवढाच राहिला, पण सरासरी थांबणं आलं २१ सेकंदांवर. हा फरक महत्त्वाचा, कारण थांबणं ३० सेकंदांच्या पुढे गेलं की लोक दिवा न बघता निघू लागतात, असं वाहतूक अभियंत्यांची हातपुस्तकंच सांगतात. ज्याला आपण बेशिस्त म्हणतो तिची बरीचशी मात्रा चक्राच्या लांबीतून येते.

मग सरळ लहान चक्रच का ठेवत नाहीत? कारण दर पाळी बदलताना चारेक सेकंद वाया जातात. चार पाळ्यांचे सोळा. चक्र ६० सेकंदांचं असेल तर चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ नुसता बदलण्यातच गेला. इंग्लंडचे वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी १९५८ साली यावर सूत्र दिलं: वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट करा, त्यात पाच मिळवा, आणि रस्त्याच्या क्षमतेचा जो भाग शिल्लक आहे त्याने भागा. सोळा सेकंद वाया जातात आणि क्षमतेच्या सत्तर टक्के वाहनं आहेत, तर योग्य चक्र निघतं ९७ सेकंद. पण त्याच कामात त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. चक्र या आकड्याच्या पाऊणपट केलं तरी वाहनांचा खोळंबा फार तर दहा ते वीस टक्के वाढतो. ९७ च्या जागी ७५ सेकंद ठेवले, तर गाडीवाल्याला फरक किरकोळ पडतो आणि पायी माणसाला मोठा.

लहान चक्राला अडवणारी खरी गोष्ट आहे रस्त्याची रुंदी. १५ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला साडेबारा सेकंद लागतात. पण सीपीआर रुग्णालयातून गुडघ्याचं दुखणं दाखवून बाहेर पडलेल्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असतील, तर तेवढ्या वेळात त्या दहा मीटरवर पोचलेल्या असतात, पाच मीटर अजून पुढे आहेत. अमेरिकेने २००९ च्या नियमावलीत हिशोबाचा वेग १.२ वरून १.०७ मीटरवर उतरवला तो यासाठीच. आजींना वेळ द्यायचा तर चक्र लांबतं, चक्र लांबलं की सगळेच जास्त थांबतात. यातून वाट निघते ती अंतर कमी करून: मध्ये थांबायची जागा, कोपऱ्यावर फुटपाथ थोडा पुढे. अंतर कमी झालं की लागणारे सेकंद कमी होतात आणि चक्र आवळता येतं.

चारही बाजूंना लाल करून पायी माणसांना एकदम सोडावं, तिरकंसुद्धा जाऊ द्यावं, ही कल्पना सगळ्यांना आवडते. टोकियोच्या शिबुयाचे व्हिडिओ आपण पाहिलेले असतात. अमेरिकेत डेन्व्हरचे वाहतूक अभियंता हेन्री बार्न्स यांनी ती गाजवली. पण चार पाळ्या तशाच ठेवून वर पंधरा सेकंदांची पाचवी घातली, तर वाहनांच्या दृष्टीने तेही सेकंद वायाच, म्हणून वेबस्टरच्या सूत्रात वाया जाणारा वेळ होतो ३१ सेकंद आणि चक्र जातं १७२ वर. जवळपास तीन मिनिटं! पायी माणसासाठी केलेली सोय त्यालाच उन्हात उभं करते. समोरासमोरचे रस्ते एकत्र सोडून चाराच्या दोन पाळ्या करता आल्या तरच हे जमतं, आणि त्यासाठी उजवीकडे वळणारी वाहनं फार नसावी लागतात. म्हणून नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी लोटते तेव्हा देवळाच्या वाटेवरच्या चौकांत ही युक्ती करून बघावी, कारण तेव्हा चालणारे गाड्यांपेक्षा जास्त असतात. बाराही महिने गाड्यांनी भरलेल्या ताराराणी चौकात तिच्या मागे लागू नये. तिथे आधी दुभाजक कापावा आणि डावी वळणं दिव्याला बांधावीत.